गोल्फमध्ये प्रो (व्यावसायिक खेळाडू) झालीस? आधी एवढंच सांभाळ

पहिल्याच स्पर्धेत कट (सुरुवातीच्या फेऱ्यांनंतरची गाळणी) पार केलास, अभिनंदन! सुरुवात झकास झाली. फक्त अमेरिकेच्या रोझ झांगशी तुलना करत बसू नकोस. २०२३ मध्ये प्रो म्हणून खेळलेली पहिलीच एलपीजीए (अमेरिकेतली महिलांची व्यावसायिक मालिका) स्पर्धा ती जिंकली खरी, पण त्याआधी असं घडलं होतं थेट १९५१ मध्ये!

त्यापेक्षा आपल्या अदिती अशोककडे बघ. २०१६ मध्ये प्रो झाली आणि त्याच वर्षी इंडियन ओपन जिंकली. तिचे ड्राइव्ह (होलच्या सुरुवातीचे मोठे फटके) काही लांब नाहीत, तिची खरी ताकद पटिंगमध्ये, म्हणजे चेंडू हळूच भोकात ढकलण्यात आहे. म्हणून सरावाचा निम्मा वेळ तरी ग्रीनवर (भोकाजवळच्या गुळगुळीत हिरवळीवर) आणि ग्रीनभोवती घालव. नवीन मुली रेंजवर (सरावाच्या मैदानावर) ड्रायव्हरने (सगळ्यात लांब काठीने) फटके हाणत राहतात आणि चार फुटांचे पट चुकवतात.

बाकी नेहमीच्या चुका:

- दोन कट हुकले की लगेच स्विंग (फटका मारण्याची ढब) बदलायला घेणं. हंगाम संपेपर्यंत हात लावू नकोस.
- लागोपाठ पाच-सहा आठवडे खेळणं. थकलेल्या अंगाने स्कोअर होत नाही. शिवाय कट हुकला तर बक्षीस बहुधा शून्य, कॅडीचे (बॅग वाहणाऱ्या मदतनिसाचे) आणि प्रवासाचे पैसे मात्र द्यावेच लागतात.
- स्कोअरकार्ड न तपासता सही करणं. एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी फटक्यांचा आकडा राहिला तर सहसा थेट बाद.
- टी ऑफआधी (खेळ सुरू करण्याआधी) बॅगेतले क्लब (गोल्फच्या काठ्या) न मोजणं. मर्यादा १४ ची. माझ्या बॅगेत एकदा पंधरावा राहिला होता, चार फटके दंडात गेले!

प्रायोजक, रँकिंग वगैरे सध्या बाजूला ठेव. आधी दहा स्पर्धा खेळ, मग विचार.