नाव अर्धा इंच, माप भलतंच : वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांमधली तक्रार बहुतेक एकच आहे. शब्द रोजचा, आकडा स्पष्ट छापलेला, आणि तरीही वस्तू हातात आली की हिशेब जुळत नाही. बहुतेक ठिकाणी फसवणूक नसते. एकच शब्द दोन व्यवसायांत दोन गोष्टींसाठी वापरला जातो आणि ग्राहकाला ते कुणी सांगत नाही. काही पत्रांचा आशय सारखाच असल्यामुळे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : गळक्या नळासाठी ‘अर्धा इंची’ जोड आणला. बाहेरून मोजला तर २१ मिमी भरला. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. मग यात अर्धा इंच आहे कुठे?

कुठेच नाही. ‘अर्धा इंच’ हे इथे पाइपच्या आकाराचं नाव आहे, मोजमाप नव्हे. लोखंडी पाइपांना ही नावं सुरुवातीला आतल्या भोकावरून मिळाली. पुढे चांगलं पोलाद आलं, तशी पाइपची भिंत पातळ झाली. पण नवे पाइप जुन्या जोडांमध्ये बसायला हवेत, म्हणून बाहेरचा व्यास कायम ठेवला. त्यामुळे भोक मोठं झालं आणि नाव तेच राहिलं. आज अर्धा इंची लोखंडी पाइप बाहेरून २१.३ मिमी आणि आतून साधारण १६ मिमी असतो.

पाइपचा पदार्थ बदलला की नावाचा अर्थही बदलतो, आणि खरा घोळ तिथे होतो. अर्धा इंची सीपीव्हीसी (प्लॅस्टिकचा) पाइप बाहेरून १५.९ मिमी असतो, कारण त्याची मापं पाण्याच्या तांब्याच्या नळीवरून घेतली आहेत. एसीच्या कामातली अर्धा इंची तांब्याची नळी मात्र बाहेरून बरोबर १२.७ मिमी भरते. म्हणजे तांबं तेच, शब्द तोच, पण पाण्याचं काम करणाऱ्याची आणि एसीचं काम करणाऱ्याची नळी वेगळी.

मिलिमीटरमध्ये बोललं की वाद मिटेल असं वाटतं, पण तिथेही सांभाळावं लागतं. लोखंडी पाइपावर ‘२० एनबी’ किंवा ‘डीएन २०’ लिहिलेलं असेल तर तेही आकाराचं नावच, आणि तो पाइप पाऊण इंची. पीपीआर या प्लॅस्टिकच्या पाइपावरचा २० हा आकडा बाहेरच्या व्यासाचा असतो. ३.४ मिमी जाड भिंत वजा केली की आत १३.२ मिमी उरतात आणि तो पाइप अर्ध्या इंचीच्या जागी जातो. पाऊण इंचीच्या जागी पीपीआरचा २५ मिमी लागतो. ‘२० म्हणजे २०’ असं समजून लोखंडी पाऊण इंचीच्या जागी २० चा पीपीआर बसवला, की वरच्या मजल्यावर पाण्याचा जोर कमी पडतो. मग दोष पंपाला दिला जातो.

आता तुमचा जोड. आट्यांच्या बाबतीत व्हर्नियर कॅलिपर बाहेरच्या आट्यांच्या माथ्यावर लावा. २१ च्या आसपास भरलं तर अर्धा इंची, २६.४ तर पाऊण, ३३.२ तर एक इंची. हे ब्रिटिश पद्धतीचे, म्हणजे बीएसपी आटे. पहिल्या दोघांना इंचात १४ आटे असतात, एक इंचीला ११. अमेरिकी एनपीटी पद्धतीतही अर्धा इंचीला इंचात १४ च आटे आहेत आणि व्यासही जवळपास तेवढाच, म्हणून नुसतं बघून फरक कळत नाही. मात्र बीएसपी आट्याचा कोन ५५ अंश आणि एनपीटीचा ६०. हे दोन एकमेकांत दोन-तीन फेरे सहज जातात, मग अडतात. जोर लावून आवळले तर बसल्यासारखे वाटतात आणि नंतर झिरपत राहतात. टेफ्लॉन टेपचे आणखी थर देऊन ही गळती थांबत नाही. त्याला दोन्हीकडे वेगवेगळे आटे असलेला ॲडॅप्टरच हवा.

आणखी एक गोष्ट तपासा. आटे टोकाकडे निमुळते होत असतील तर टेप आट्यांवरच काम करतो. आटे सरळ असतील आणि तळाशी रबरी वॉशर असेल तर पाणी अडवतो तो वॉशर. अशा जोडावर टेपचा जाड थर दिला की जोड पूर्ण आत जात नाही, वॉशर दाबला जात नाही आणि गळती उलट वाढते.

सामान मागताना पदार्थ, बाहेरचा व्यास मिमीमध्ये, आणि आटे आतून की बाहेरून, एवढं सांगा. जुना तुकडा सोबत नेलात तर उत्तमच.

प्रश्न : दीड टनाच्या एसीत दीड टन काय असतं? आणि तो दीड किलोवॉट वीज खातो असं समजायचं का?

हा टन बर्फाचा आहे. २,००० पौंड, म्हणजे ९०७ किलो बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी उष्णता खोलीतून बाहेर काढण्याची क्षमता म्हणजे एक टन. तासाला १२,००० बीटीयू (उष्णता मोजण्याचं ब्रिटिश एकक) किंवा ३.५२ किलोवॉट. दीड टन म्हणजे ५.२८ किलोवॉट. हा आकडा हलवलेल्या उष्णतेचा आहे, वापरलेल्या विजेचा नाही. वीज किती लागेल ते कार्यक्षमतेवर, म्हणजे हलवलेली उष्णता भागिले लागलेली वीज या गुणोत्तरावर ठरतं. गुणोत्तर ३.५ असेल तर पूर्ण भारावर साधारण दीड किलोवॉट, ४.५ असेल तर १.२ च्या आसपास. दोन दीड टनी एसींच्या विजेच्या वापरात एवढा फरक असू शकतो, म्हणून लेबलवर टनाइतकंच लक्ष या गुणोत्तराकडे द्या.

प्रश्न : पॉवर बँक २०,००० एमएएचची, फोनची बॅटरी ५,००० ची. चार वेळा चार्ज व्हायला हवा, होतो जेमतेम तीनदा. बँक खोटी आहे का?

तीनदा होत असेल तर बँक खरी आहे. एमएएच (मिलिअँपिअर-तास) हा आकडा व्होल्टेज सांगितल्याशिवाय अपुरा असतो. पॉवर बँकेवरचा आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टला धरून छापलेला असतो. ऊर्जा काढायची तर २० गुणिले ३.७, म्हणजे ७४ वॉट-तास. यूएसबीतून बाहेर पडताना व्होल्टेज ५ किंवा त्याहून जास्त करावं लागतं आणि त्यात १० ते १५ टक्के ऊर्जा उष्णता होऊन जाते. राहिले ६३ ते ६७ वॉट-तास. तुमच्या फोनची बॅटरी ३.८५ व्होल्टला ५,००० एमएएच, म्हणजे १९.२५ वॉट-तास. भागाकार सव्वातीन-साडेतीन येतो. फोनच्या आत चार्जिंग होताना आणखी थोडी ऊर्जा जाते, शिवाय बिनतारी चार्जिंग असेल तर बरीच जास्त. त्यामुळे तीन.

पॉवर बँकेच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ‘रेटेड कपॅसिटी’ लिहिलेली असते, बहुधा १२,००० ते १३,००० एमएएच, ५ व्होल्टला. दोन पॉवर बँकांची तुलना करायची तर हा आकडा धरा किंवा वॉट-तास. विमानप्रवासातही वॉट-तासच विचारतात. सर्वसाधारण मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, म्हणजे ३.७ व्होल्टला सुमारे २७,००० एमएएच.

प्रश्न : एक टीबीची हार्ड डिस्क संगणकात ९३१ जीबीच दिसते. उरलेली जागा कुठे गेली?

कुठेही गेलेली नाही. डिस्क बनवणारे एक टीबी म्हणजे एकावर बारा शून्य एवढे बाइट धरतात. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत भागते आणि तरीही त्याला ‘जीबी’च म्हणते, म्हणून ९३१ दिसतात. १०२४ च्या पटीसाठी ‘गिबीबाइट’ ही वेगळी संज्ञा १९९८ मध्येच ठरली, पण ती रोजच्या वापरात आली नाही. इंटरनेटच्या वेगाचंही असंच. तिथले ‘एमबीपीएस’ बिटमध्ये असतात आणि फाइल बाइटमध्ये, म्हणून आठने भागा. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट उतरतील.

प्रश्न : फोन आयपी६८ आहे, पावसात कधी काही झालं नाही. नळाखाली साबणाने धुतला आणि स्पीकर घरघरायला लागला. वॉटरप्रूफ म्हणजे नेमकं काय?

‘वॉटरप्रूफ’ या शब्दामागे एक ठरावीक चाचणी असते आणि त्या चाचणीबाहेर तो काहीच सांगत नाही. आयपीनंतरचा पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. पाण्याचा ७ म्हणजे एक मीटर खोल, ३० मिनिटं. ८ म्हणजे त्याहून कठीण बुडवणी, पण किती खोल आणि किती वेळ हे उत्पादक ठरवतो, म्हणून ते माहितीपत्रकात वाचावं लागतं. आता नळाची गोष्ट. पाण्याच्या धारेची चाचणी ५ आणि ६ या अंकांखाली येते. ५ साठी ६.३ मिमीच्या तोटीतून मिनिटाला १२.५ लिटर, ६ साठी १२.५ मिमीच्या तोटीतून १०० लिटर. बुडवण्याच्या चाचणीत पास झालेली वस्तू धारेलाही टिकेल असं गृहीत धरता येत नाही. दोन्ही चाचण्या झाल्या असतील तर ‘आयपी६६/आयपी६८’ असे दोन्ही आकडे छापतात.

शिवाय चाचणी नव्याकोऱ्या फोनवर, स्वच्छ गोड्या पाण्यात होते. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो आणि साध्या पाण्याला अडवणाऱ्या बारीक फटींतूनही ते आत शिरतं. गरम वाफेतून फोन थंड जागी आला की आतली हवा आकसते आणि ओल आत ओढली जाते. कडेचं चिकट सील वर्षांगणिक सैल होतं आणि स्क्रीन बदलताना ते नवं लावलं नाही तर आयपीचा आकडा विसरायचा. फोन ओला झाल्यावर चार्जिंगचं भोक पूर्ण सुकेपर्यंत केबल लावू नका. ओलाव्यातून वीज गेली की आतल्या टाचण्या गंजतात.

घड्याळावरचे ‘३० मीटर’ही असेच वाचा. तेवढ्या खोलीवर असतो तेवढा स्थिर दाब ते सोसतं, एवढाच त्याचा अर्थ. व्यवहारात हात धुताना उडणारे शिंतोडे ठीक. पोहायला किमान ५० हवं, नियमित पोहणाऱ्यांनी १०० घ्यावं.

प्रश्न : ‘एक चमचा दिवसातून तीनदा’ आणि बाटलीवर नुसता महिना-वर्ष. यातून नेमका किती डोस, किती वाजता आणि कोणत्या तारखेपर्यंत?

औषधातला चमचा म्हणजे ५ मिली. स्वयंपाकघरातला चमचा तीन मिलीपासून सात मिलीपर्यंत काहीही असू शकतो. मोठा चमचा म्हटलं तर १५ मिली, म्हणजे थेट तिप्पट. म्हणून बाटलीसोबतचं टोपण किंवा सुई नसलेली सिरिंजच वापरा. टोपण सपाट जागी ठेवून डोळ्यांच्या पातळीवर वाचा. सिरिंजमध्ये बुडबुडा असेल तर औषध परत सोडून पुन्हा ओढा, कारण बुडबुड्याएवढं औषध कमी जातं.

याहून मोठी चूक तीव्रतेची होते. मुलांचं पॅरासिटॅमॉल ५ मिलीत १२० मिलिग्रॅम मिळतं आणि २५० मिलिग्रॅमही मिळतं. तान्ह्या बाळांच्या थेंबांत तर एका मिलीत १०० मिलिग्रॅम असतं. म्हणजे ‘एक चमचा’ हाच शब्द बाटलीगणिक १२०, २५० किंवा ५०० मिलिग्रॅम ठरतो. थेंबांची बाटली सिरपसारखी चमच्याने देणं धोक्याचं आहे. डॉक्टरांना डोस मिलिग्रॅममध्ये विचारा, मग हातातल्या बाटलीवरून मिली काढून घ्या आणि नवी बाटली आली की पुन्हा पडताळा.

‘तीनदा’ म्हणजे काही औषधांत जागेपणी साधारण सारख्या अंतराने, काहींत दर आठ तासांनी. अँटिबायोटिक असेल तर हे विचारूनच घ्या. ‘रिकाम्या पोटी’ म्हणजे बहुधा जेवणाआधी एक तास किंवा जेवणानंतर दोन तास, नुसतं ‘जेवणाच्या ताटावर बसण्यापूर्वी’ नव्हे.

मुदतीला फक्त महिना-वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, पण ती मुदत न उघडलेल्या आणि सांगितल्याप्रमाणे ठेवलेल्या बाटलीची. डोळ्यांत घालायचे थेंब उघडल्यानंतर बहुधा २८ दिवसांत टाकून द्यायचे असतात. पाणी घालून तयार करायचं अँटिबायोटिक सिरप ७ ते १४ दिवस, काही फ्रिजमध्येच. नेमके दिवस लेबलवर असतात. ते मोजता यावेत म्हणून झाकण उघडल्याची तारीख त्याच वेळी बाटलीवर लिहा, झाकणावर नको. झाकणं अदलाबदल होतात.