हाड झिजतं की पोखरलं जातं?

मिरजेच्या एका ताईंनी विचारलंय : आईंना आमवात आहे. डॉक्टर म्हणाले, "हाड पोखरलं जातंय." घरात मात्र सगळे म्हणतात, "सांधं झिजल्यात." बरोबर कोणतं? आणि माहितीपत्रकातल्या 'रिसेप्टर'ला मराठीत काय म्हणायचं?

ताई, इथं डॉक्टरांचाच शब्द चपखल आहे. झिजायला घासावं लागतं. सांगलीच्या हळदीचंच बघा. ढोलात घालून पॉलिश करताना हळकुंडाची साल झिजते; साठवणीत भुंगा लागला तर तेच हळकुंड पोखरलं जातं. उतारवयात गुडघ्याची कूर्चा 'झिजली' म्हणतात, ते चालतं. आमवातात मात्र जिवंत पेशी हाड खात असतात. त्यांचं नाव ऑस्टिओक्लास्ट. हाडाला घट्ट चिकटून त्या आम्ल सोडतात, त्यातलं कॅल्शियम विरघळवतात, उरलेली प्रथिनं विकरांनी (एन्झाइमांनी) तोडतात. मागं खरोखरीचा खळगा राहतो. त्यांना 'अस्थिभंजक' म्हणतात, पण भंजक म्हटलं की हाड मोडल्याचंच डोळ्यापुढं येतं. मला 'अस्थिभक्षक' जास्त पटतो.

या पेशी मुळात वाईट नाहीत. निरोगी शरीरातही त्या जुनं हाड काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट पेशी तिथं नवं भरतात. बिघडतो तो हा मेळ. अस्थिभक्षक पेशी प्रतिकारशक्तीच्याच घराण्यातल्या, जंतू गिळणाऱ्या पेशींच्या भाऊबंद. त्यांच्या पूर्वज पेशींवर 'रँक' नावाचा रिसेप्टर, म्हणजे ठरावीक प्रथिनाला धरून घेणारी जागा, असतो. त्याला 'रँकएल' हे प्रथिन येऊन चिकटलं की त्या एकमेकींत मिसळून हाड खाणारी मोठी पेशी तयार होते. आमवातात सांध्याच्या अस्तरातल्या पेशी आणि प्रतिकारशक्तीच्या टी-पेशी हे रँकएल भरमसाट बनवतात. ऑस्टिओप्रोटेजेरिन हे शरीराचंच दुसरं प्रथिन रँकएलला वाटेतच धरून ठेवतं. ठिसूळ हाडांसाठी दर ६ महिन्यांनी देतात ते डेनोसुमॅबचं इंजेक्शनही रँकएललाच अडवतं. (ते मनानं बंद करू नये, मणके मोडण्याचा धोका वाढतो. शब्दचर्चेत हे अवांतर, पण सांगायलाच हवं.)

आता रिसेप्टर. त्याला 'ग्राही' म्हणावं. 'ग्रह्' म्हणजे घेणं, धरणं. 'गुणग्राही'मध्ये तो आपल्या ओळखीचाच आहे. 'ग्राहक' नको, तो दुकानात गेला. दवाखान्यात बोलताना खुशाल 'रिसेप्टर'च म्हणा. लिहिताना मात्र असं लिहा : 'रँक या ग्राहीला रँकएल चिकटल्यानं अस्थिभक्षक पेशी वाढतात आणि सांध्यालगतचं हाड पोखरलं जातं.'