'को-प्लॅनिंग'ला मराठीत काय म्हणायचं: सह, संयुक्त, समन्वित की एकत्रित?

प्रश्न एका इलेक्ट्रिकलच्या एम.टेक. करणाऱ्या मुलीचा आहे. तिचा विषय जनरेशन अँड ट्रान्समिशन एक्स्पान्शन को-प्लॅनिंग, म्हणजे नवी वीज केंद्रं आणि नव्या लाइनी यांचं प्लॅनिंग सोबतच करायचं, आणि यावर तिला मराठीत लेख लिहायचाय. ती विचारते, ट्रान्समिशनला वहन लिहू की पारेषण, एक्स्पान्शनला वाढ, विस्तार की प्रसरण, आणि तो 'को-' आहे त्याला सह, संयुक्त, समन्वित, एकत्रित यातलं काय लावू. प्रश्न फार आवडला, कारण माझं लहानपण नागपूरजवळच्या कोराडी वीज केंद्राच्या कॉलनीत गेलं, वडील केंद्रात शिफ्टला होते आणि यातले निम्मे शब्द मी जेवताना ऐकलेत.

आधी वहन. ऐकायला सोपा शब्द आहे पण इथे तो घेऊ नका, कारण तो आधीच दोन ठिकाणी कामाला लागलाय. शाळेत आपण उष्णतेचं वहन, अभिसरण आणि प्रारण शिकलो, तिथे वहन म्हणजे कंडक्शन, आणि त्यावरूनच तार ही विजेची वाहक. दुसरं म्हणजे घरातलं महावितरणचं बिल काढून बघा, स्थिर आकार, वीज आकार आणि त्याच्या शेजारी 'वहन आकार' अशी ओळ असते, तो व्हीलिंग चार्ज आहे, दुसऱ्याच्या जाळ्यातून वीज नेण्याचं भाडं म्हणा. तुम्ही ट्रान्समिशनला वहन लिहिलं की बिल वाचणारा माणूस तुमचा लेख त्या आकाराबद्दलचा समजणार.

पारेषण मात्र बिनधास्त वापरा. ६ जून २००५ ला वीज मंडळाचे भाग झाले, महानिर्मिती, महापारेषण, महावितरण, तेव्हापासून हा शब्द बातम्यांत, टेंडरात, सबस्टेशनच्या पाट्यांवर सगळीकडे आहे, बोलताना लोक जेनको-ट्रान्सको म्हणतात ते वेगळं. व्याकरणाची आवड असणाऱ्यांना हा शब्द जरा खटकतो. मी तो पार + एषण असा फोडतो, पलीकडे पाठवणं, आणि तसा फोडला तर कडक संधीनियमानं पारैषण व्हायला हवं, सदा + एव चं सदैव होतं तसं. प्रेषणाला सूट मिळते कारण तिथे 'प्र' उपसर्ग आहे, 'पार' काही उपसर्ग नाही. पण पारैषण कोणी म्हणणार नाही आणि म्हणू पण नये, शब्द रुळला की रुळला. नुसतं प्रेषण चालेल का, तर चुकीचं नाही, पण प्रेषक-प्रेषितमुळे त्याला टपालाचा वास येतो.

निर्मिती की उत्पादन यात वेळ घालवू नका, वीजनिर्मितीच लिहा.

विस्तार आणि प्रसरण यात मात्र घोळ करू नका. प्रसरण म्हणजे पदार्थ तापून वाढतो ते. आणि या विषयात ते खरोखरच घडतं म्हणून जास्त जपायचं. मे महिन्यात नागपूरला पारा पंचेचाळीसच्या वर गेला की कोराडीच्या देवीला जाताना मान वर करून बघा, मोठ्या लाइनींवर एकेका फेजला चार-चार तारांची जुडी असते आणि दोन टॉवरच्या मध्ये तिला झोळ पडलेला दिसतो. ऊन आणि करंट दोन्हींनी तार तापते, लांबते, झोळ वाढतो, तार जमिनीकडे येते, म्हणून उन्हाळ्यात त्याच लाइनीवर कमी वीज सोडावी लागते. हे तारेचं प्रसरण. नवी लाइन टाकणं, वीज तयार करणारा नवा संच उभारणं हा व्यवस्थेचा विस्तार. वाढ हा शब्द मागणीसाठी राखून ठेवा, मागणीची वाढ, व्यवस्थेचा विस्तार, असं वाटून घेतलं की वाक्यं सुटसुटीत होतात.

प्लॅनिंगला नियोजन. त्यातून जो कागद तयार होतो तो आराखडा. आखणी हा आपला छान शब्द आहे पण लाइन कोणत्या शेतावरून न्यायची हे ठरवण्याला लोक आखणी म्हणतात, तिथेच तो राहू द्या.

आता तो 'को-'. तुमचा सगळा विषय खरं तर याच एका अक्षरात आहे म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सह-नियोजन म्हटलं की माणसं दिसतात, चार जणं बसून मिळून ठरवताहेत असं वाटतं, सहलेखक, सहसंपादक यांच्यासारखं. संयुक्तचंही तेच, संयुक्त समिती, संयुक्त पाहणी, म्हणजे दोन कार्यालयं एका टेबलाशी बसली. दोन्ही शब्द नियोजन कोण करतं ते सांगतात. तुम्हाला सांगायचंय की हिशेबात काय काय धरलं.

समन्वित आणि एकत्रित यातला फरक आकड्यानं सांगतो, आकडे मानलेले आहेत. केंद्रासाठी दोन जागा आहेत. पहिल्या जागी केंद्र १०० कोटीत होतं, पण तिथून शहरापर्यंत लाइन न्यायला ६० कोटी लागतात. दुसऱ्या जागी केंद्र १२० कोटीचं, पण लाइन १५ कोटीत होते. निर्मितीवाल्यांनी आधी ठरवलं तर ते १०० वाली जागा घेणार, त्यांच्या हिशेबानं तीच स्वस्त, मग पारेषणवाले त्या जागेला साजेशी उत्तम लाइन आखणार आणि एकूण १६० होणार. दोघांचा समन्वय उत्तम झाला, तारखा जुळल्या, तरी १६०च. दोन्ही खर्च सुरुवातीलाच एका हिशेबात धरले असते तर १३५ मध्ये काम झालं असतं. समन्वित म्हणजे दोन वेगळे आराखडे नंतर जुळवून घेतले, एकत्रित म्हणजे मुळात हिशेबच एक. तुमचा विषय दुसरा आहे, म्हणून तुमच्यासाठी एकत्रित.

विदर्भाच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, इतकं ते आपल्या डोळ्यासमोर आहे. कोळसा इकडे आणि मागणी मुंबई-पुण्याकडे. मग कोळशाच्या तोंडाशी केंद्र बांधून वीज तारेनं पाठवायची की कोळसा रेल्वेनं नेऊन मागणीजवळ केंद्र बांधायचं? दोन्ही उत्तरं महाराष्ट्रात उभी आहेत. चंद्रपूरहून भिवंडीजवळच्या पडघ्यापर्यंत ७५२ किलोमीटरची, ५०० किलोव्होल्टची, १५०० मेगावॅट नेणारी दिष्ट प्रवाहाची, म्हणजे डीसी, लाइन १९९९ पासून आहे, म्हणजे इकडे जाळलेला कोळसा तिकडे तारेनं पोचतो. आणि नाशिकजवळ एकलहऱ्याला केंद्र आहे तिथे कोळसा वाघिणींतून जातो, आणि आपल्या कोळशात तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त राखच असते, म्हणजे रेल्वेनं राखही वाहून न्यायची. पण तेवढ्यानं एक उत्तर कायमचं बरोबर ठरत नाही, कुठे पाणी आहे, कुठे जमीन मिळते, लाइनीत किती वीज गळते, हे सगळं एकाच कागदावर मांडल्याशिवाय कळत नाही. तो एकच कागद म्हणजे तुमचं एकत्रित नियोजन.

पण समन्वित शब्द टाकून देऊ नका, त्याची जागा लेखात आहेच. २००३ च्या वीज कायद्यात केंद्र उभारायला लायसन्स लागत नाही, पारेषणाला लागतं. केंद्र कुठे येणार हे ज्याचा पैसा तो ठरवणार, आणि लाइनवाल्यांनी अंदाज बांधून तयारीत राहायचं. कायद्याच्या इंग्रजीत राज्याच्या पारेषण संस्थेच्या कामाबद्दल जो शब्द आहे तो को-ऑर्डिनेटेड, म्हणजे समन्वितच. राष्ट्रीय वीज योजनासुद्धा दोन खंडांत येते, निर्मितीचा खंड २०२३ ला आला आणि पारेषणाचा २०२४ ला. त्यामुळे आजची पद्धत सांगताना समन्वित लिहा आणि तुम्ही जी पद्धत मांडताय तिच्यासाठी एकत्रित लिहा, वाचणाऱ्याला फरक शब्दातूनच कळेल. सोलरचं उदाहरण पण घ्या, सोलर प्रकल्प दीड-दोन वर्षांत उभा होऊ शकतो, मोठ्या लाइनीला त्याहून जास्त वेळ लागतो कारण शेकडो शेतकऱ्यांच्या जमिनीवरून आणि कुठे कुठे जंगलातून जायचं असतं. तिथे समन्वय हुकला की पॅनल उन्हात तयार आणि वीज न्यायला लाइन नाही.

बोलीभाषेत लिहायचं असेल तर सांगड घालणे आहेच. सांगड म्हणजे मुळात दोन होड्या एकमेकींना बांधून केलेला तराफा. दोन होड्या दोनच राहतात, फक्त बांधलेल्या, म्हणून हा शब्द समन्वितच्या जवळ जातो, एकत्रितच्या नाही.

आणखी एक शब्द तुम्ही विचारला नाही पण लागणारच, इव्हॅक्युएशन. केंद्रातून वीज बाहेर नेण्याला इंजिनिअर लोक हेच म्हणतात. निर्वासन किंवा स्थलांतर लिहाल तर पुराची बातमी वाटेल. वडील घरी सांगायचे, "सेट चालू करून काय करता, लाइन नाही तर वीज काढणार कुठून?" ते 'वीज काढणं' मला अजून बरोबर वाटतं. जरा औपचारिक हवं असेल तर 'वीज बाहेर नेण्याची व्यवस्था' असं सरळ लिहा.

शीर्षक 'वीजनिर्मिती आणि पारेषण: एकत्रित विस्तार नियोजन' असं ठेवा. पहिल्याच परिच्छेदात 'केंद्र आणि लाइन एकाच हिशेबात धरून' असं एकदा लिहा, मग पुढे नुसतं एकत्रित नियोजन म्हटलं तरी चालेल. लेख झाला की मला नक्की पाठवा, इव्हॅक्युएशनला शेवटी काय घेतलंत ते बघायचंय.