चीनचा पिवळा चहा आणि कोरियाचा पिवळा चहा यांत नेमका फरक काय?

तुम्ही विचारलंय की चिनी पिवळा चहा आवडला म्हणून कोरियन मागवला, तर तो तांबूस निघाला आणि चवही निराळीच लागली. माल खोटा असेल का? मला तसं वाटत नाही. दोन्हीकडे पिवळ्या चहाला ‘ह्वांगचा’च म्हणतात, पण चीनचा ‘ह्वांगचा’ आणि कोरियाचा ‘ह्वांगचा’ हे नावापुरतेच भाऊ आहेत. पानाला कढईचा चटका कधी द्यायचा, तिथेच दोघांच्या वाटा फुटतात.

चीनमध्ये पानं आधीच तापवतात, अगदी हिरव्या चहासारखी. त्याने पानातली विकरं (एन्झाइम्स, म्हणजे हवा लागली की पान तांबूस-काळं करणारी द्रव्यं) निकामी होतात आणि काळ्या चहाकडे जायचा रस्ता बंद होतो. मग ती गरम, ओलसर पानं कागदात किंवा कापडात गुंडाळून ठेवतात. ही पायरी म्हणजे मेनह्वांग. कोंडलेल्या उबेत हरितद्रव्याचा ऱ्हास होतो, तुरटपणा उतरतो आणि पान पिवळं पडतं. हूनान प्रांतातल्या दोंगतिंग सरोवरात जुनशान बेट आहे. तिथला ‘जुनशान यिनझेन’ नुसत्या कळ्यांचा असतो. त्याला दोनदा गुंडाळतात आणि सगळं काम तीनेक दिवस चालतं. गुंडाळणं कमी पडलं तर चहा हिरवाच राहतो, जास्त झालं तर कुबट होतो. एवढी उस्तवार परवडत नाही म्हणून ही पायरी कित्येकदा घाईने उरकली जाते आणि पिवळ्याच्या नावाखाली जवळजवळ हिरवाच चहा विकला जातो. मला हे फार खुपतं, कारण ती पायरी गेली की या चहाचं सगळं वेगळेपणच जातं. चीनच्या पारंपरिक चहानिर्मितीला युनेस्कोने २०२२ मध्ये वारसा यादीत घेतलं, त्यात जुनशान यिनझेनची कलाही आहे.

कोरियात सुरुवातीचा चटका सहसा देतच नाहीत. पानं कोमेजू देतात, हाताने मळतात आणि उबेला ठेवतात. जुन्या घरांत त्यासाठी ओंदोल, म्हणजे खालून तापवलेली जमीन, आणि वर पांघरूण असायचं. इथे विकरं जिवंत असतात, त्यामुळे पान अर्धवट ऑक्सिडाइझ होतं. चिनी वर्गीकरण लावलं तर हा चहा ऊलाँग (अर्धवट ऑक्सिडाइझ केलेला चहा) आणि काळ्या चहाच्या जवळ जाईल. जिरीसान डोंगराच्या पायथ्याशी हादोंग भागात असाच घरगुती चहा ‘जेकसाल’ नावाने ओळखला जातो. सर्दी-पडशाला तो उकळून पितात, आपल्याकडच्या काढ्यासारखा. प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी, म्हणून दोन पाकिटांची चव जुळेलच असं नाही.

चिनी चहाला साधारण ८० ते ८५ अंशांचं पाणी घ्या आणि काचेच्या पेल्यात करा. कळ्या उभ्या राहून खालीवर होताना दिसतात. कोरियन चहा ९० च्या पुढचं पाणी सहज सोसतो. पुढच्या वेळी मागवताना विक्रेत्याला एवढंच विचारा: पान मळण्याआधी तापवलं होतं का?