काजू-अक्रोडाची रोपे घेण्याआधी : मराठवाड्यात खाण्याच्या शेंगदाण्याचे पीक आणि त्याची विक्री

नमस्कार. आपला प्रश्न मी असा समजलो आहे : औसा तालुक्यात आपली दोन एकर मध्यम जमीन आहे, विहिरीचे पाणी मे महिन्याच्या सुरुवातीपर्यंत पुरते, एक रोपवाटिका काजू, अक्रोड आणि मॅकाडेमिया (कठीण कवचाचा एक परदेशी सुकामेवा) यांची रोपे घेण्याचा आग्रह करीत आहे, आणि गेल्या उन्हाळ्यातील भुईमूग व्यापाऱ्याने तेलाच्या मालाच्या भावाने घेतल्यामुळे त्या पिकावरचे आपले मन उडाले आहे. माझे स्पष्ट मत असे आहे की रोपे घेऊ नयेत आणि भुईमूग सोडू नये. मात्र तो तेलासाठी नव्हे, खाण्याच्या दाण्यासाठी पिकवावा. बावीस वर्षे परभणी जिल्ह्यात उन्हाळी भुईमूग घेत आलो आहे, त्या अनुभवावरून सविस्तर लिहितो.

झाडांचे आधी संपवतो. अक्रोड आणि बदाम यांना फुटवा व फुलोरा धरण्यासाठी हिवाळ्यात दीर्घ थंडी लागते. आपल्याकडे डिसेंबरच्या काही रात्री कितीही गारठ्याच्या असल्या तरी ती गरज भागत नाही. काजू हे कोकणच्या जांभ्या, निचऱ्याच्या, आम्लधर्मी जमिनीत आणि दमट हवेत फळणारे झाड आहे. वेंगुर्ला येथील संशोधन केंद्राने काढलेले वाण चांगले आहेत, पण ते त्या हवामानासाठी आहेत. आपल्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत त्याच झाडाची पाने पिवळी पडतात आणि कोरड्या वाऱ्यात मोहोर जळतो. मॅकाडेमियालाही सौम्य हवामान आणि सारखी ओल लागते. बांधावर हौसेने एखादे झाड लावण्यास माझी हरकत नाही, पण दोन एकरांचा संसार त्यावर उभा करू नये.

आता भुईमूग. व्यापारी दाण्याकडे कसे पाहतो, हे पेरणीच्या आधीच समजून घेतले पाहिजे. खाण्याच्या दाण्याचा भाव ‘काउंट’वर ठरतो, म्हणजे एका औंसात, 28.35 ग्रॅममध्ये, किती दाणे बसतात त्यावर. बाजारात ‘बोल्ड 40-50’ (ठळक, लांबट दाणा), ‘जावा 60-70’ (बारीक, गोल दाणा) असे शब्द आपण ऐकले असतील, ते हेच आकडे होत. शंभर दाण्यांचे वजन 40 ग्रॅमच्या आसपास असेल तर काउंट सत्तरच्या घरात जातो. 50 ग्रॅम असेल तर 57 आणि 65 ग्रॅम असेल तर 44 च्या जवळ येतो. त्यामुळे कोणता माल विकायचा हा निर्णय वाण निवडताना झालेला असतो. टॅग-24 हा भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अकोल्याचे कृषी विद्यापीठ यांनी मिळून दिलेला वाण उत्पादनाला भरवशाचा आहे, पण दाणा मध्यम आहे. टीएलजी-45 हा ठळक दाण्याचा वाण भाभा केंद्र आणि आपले परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांचा आहे. त्याच्या नावातील ‘एल’ म्हणजे लातूर. आपण तर लातूरच्या गळीतधान्य संशोधन केंद्रापासून जवळ आहात, बियाण्याची चौकशी तेथूनच सुरू करावी. टीपीजी-41 चा दाणा याहूनही मोठा आहे, पण मोठा दाणा भरण्यासाठी पाणी आणि कॅल्शियम दोन्ही शेवटपर्यंत लागतात. आपले पाणी मेच्या सुरुवातीला संपत असेल तर त्याच्या नादी लागू नये. मी असतो तर टीएलजी-45 निवडला असता.

मोठ्या दाण्याचा वाण घेताना एक चूक सर्रास होते, ती म्हणजे बियाण्याचे माप जुनेच ठेवणे. 30 बाय 10 सेंटिमीटर अंतरावर एकरी सुमारे 1 लाख 33 हजार रोपे बसतात. 40 ग्रॅमच्या दाण्याला त्यासाठी 53-54 किलो बी लागते, तर 50 ग्रॅमच्या दाण्याला 66-67 किलो. माप तेच ठेवले की पेरा विरळ होतो आणि दोष मात्र वाणाला दिला जातो. बी पेरणीच्या जेमतेम आठवडाभर आधी फोडावे, किलोला 5 ग्रॅम ट्रायकोडर्मा (रोगकारक बुरशीला रोखणारी उपयुक्त बुरशी) चोळावे आणि नंतर रायझोबियम (हवेतील नत्र धरणारे) व स्फुरद (फॉस्फरस) विरघळविणारे जिवाणू लावून सावलीत सुकवावे. बुरशीने मानेजवळ कुजून मेलेली रोपे पुन्हा भरून निघत नाहीत.

पेरणी 15 जानेवारीच्या सुमारास, थंडी ओसरू लागताच करावी आणि जानेवारीच्या बाहेर जाऊ देऊ नये. शिफारस फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत असली तरी आपल्यासाठी हिशेब वेगळा आहे. 15 जानेवारीला पेरलेले पीक 115 दिवसांनी 10 मेच्या आसपास काढणीला येते. 15 फेब्रुवारीचे 10 जूनला, म्हणजे मृग लागल्यावर. उपट्या (झुडपासारख्या वाढणाऱ्या) भुईमुगाच्या बहुतेक वाणांना सुप्तावस्था, म्हणजे पक्व दाण्याची न उगवता थांबण्याची मुदत, नसते. पक्व शेंगेला जमिनीत ओल मिळाली की दाण्याला जागेवर कोंब फुटतो, आणि तसा दाणा कोणत्याही भावाने विकला जात नाही. रोहिणी लागायच्या आत शेंग घरात आली पाहिजे, हे गणित उलटे मांडून पेरणीची तारीख काढावी.

खतांवर फार लिहीत नाही. हेक्टरी 25 किलो नत्र आणि 50 किलो स्फुरद ही शिफारस पुरेशी आहे. जिप्सम या कॅल्शियम-गंधकाच्या खतावर मात्र थांबावे लागेल, कारण गेल्या वर्षी आपल्या शेंगा पोचट निघाल्याचे आपण ओझरते लिहिले आहे. पेरणीनंतर महिनाभरात फुले येतात आणि पुढच्या पंधरवड्यात त्यांच्या आऱ्या (टोकाला शेंग धरणारे फुलाचे दांडे) जमिनीकडे वळतात. आरी जमिनीत शिरली आणि शेंग धरू लागली की त्या शेंगेला लागणारे कॅल्शियम मुळांकडून पुरेसे येत नाही. मुळांनी उचललेले कॅल्शियम पाण्याबरोबर पानांकडे चढते आणि तेथून खाली शेंगेकडे परतत नाही. शेंग ते आपल्याच टरफलातून, आजूबाजूच्या पाच-सात सेंटिमीटर मातीतून शोषते. म्हणून हेक्टरी 200 किलो जिप्सम पेरणीच्या वेळी आणि 200 किलो आऱ्या सुटताना द्यावे. एकराला दोन वेळा 80-80 किलो झाले. दुसरा हप्ता ओळीलगत झाडाच्या बुडाशी पडावा, फेकून देऊ नये. आमची जमीन चुनखडीचीच आहे, मग कॅल्शियम कशाला, असे अनेक जण विचारतात. चुनखडी सहजासहजी विरघळत नाही. जिप्सम हलक्या पाण्यातही उतरते आणि सोबत गंधक देते. त्याच सुमारास पोटॅशचा जादा हप्ता टाकू नये, तो शेंगेच्या कॅल्शियमच्या आड येतो.

चुनखडीचा दुसरा त्रास म्हणजे कोवळी पाने पिवळी आणि शिरा हिरव्या. ती लोहाची कमतरता आहे. 10 लिटर पाण्यात 50 ग्रॅम फेरस सल्फेट आणि 10-20 ग्रॅम सायट्रिक आम्ल मिसळून आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारले की पाने हिरवी होतात.

कोळपणी आणि खुरपणी 40 दिवसांच्या आत संपवावी. त्यानंतर शेतात औत घातले की आऱ्या तुटतात. त्याऐवजी चाळीसाव्या आणि पन्नासाव्या दिवशी 200 लिटरचा रिकामा ड्रम ओळींवरून फिरवावा, म्हणजे वरच्या आऱ्याही जमिनीला टेकतात. फुलोऱ्यापासून दाणा भरेपर्यंत ताण बसू देऊ नये. तुषार संच असेल तर उत्तम, कारण मार्चच्या कोरड्या हवेत तो पिकाभोवती थोडा गारवा धरतो आणि वरची माती आरीला शिरता येईल इतकी मऊ ठेवतो. फुलकिडे, पाने खाणारी अळी आणि टिक्का (पानांवरील ठिपक्यांचा रोग) यांच्यासाठी आठवड्यातून दोनदा शेत फिरून पाहावे. न पाहता ठरावीक दिवसाने फवारण्याच्या मी विरोधात आहे.

खरे पैसे मिळतात किंवा जातात ते पुढच्या तीन आठवड्यांत. पाला पिवळसर झाला म्हणून काढणी करू नये, लोह कमी असले तरी तो पिवळा होतो. शेताच्या चार-पाच ठिकाणची झाडे उपटून शेंगा फोडून पाहाव्यात. कवचाच्या आतली बाजू पांढरी असेल तर दाणा कोवळा आहे. ती तपकिरी-काळपट झालेली असेल आणि दाण्यावर वाणाचा रंग चढला असेल तर शेंग पक्व आहे. शंभरातल्या पंचाहत्तर शेंगा अशा दिसल्या की हलके पाणी देऊन वाफशावर (माती ओलसर पण चिखल नसताना) उपटणी करावी. काळ्या जमिनीत कोरड्यात उपटले तर निम्म्या शेंगा खालीच राहतात.

उपटलेले वेल दोन-तीन दिवस शेंगा वर येतील असे उलटे ठेवावेत आणि मग शेंगा तोडाव्यात. आमच्याकडे बायका नवव्या वाट्यावर, म्हणजे मजुरी म्हणून नववा हिस्सा शेंगा घेऊन, शेंगा तोडतात. मी त्यांना फक्त एक विनंती करतो, फुटलेली आणि कोवळी शेंग वेगळ्या टोपल्यात टाका. त्या एका टोपल्याने पुढची निवड अर्धी होते. काढणीच्या वेळी शेंगेत 35 ते 40 टक्के ओलावा असतो आणि तो 8 टक्क्यांवर आणायचा असतो. ताडपत्रीवर पातळ थर द्यावा, दिवसातून तीन-चार वेळा हलवावे, आणि मेच्या भर दुपारी वर सावली करावी; 42 अंशांच्या उन्हात तापलेल्या फरशीवर दाण्याची साल तडकते आणि असा दाणा लवकर खवट होतो. शेंग कानाशी धरून हलवली असता दाणा खुळखुळला, आणि दाणा चिमटीत चोळताच साल सुटली, की वाळवण झाली असे समजावे.

याच टप्प्यावर मी एकदा मोठे नुकसान सोसले आहे. ढग भरून आले म्हणून अर्धवट वाळलेल्या शेंगा प्लास्टिकच्या पोत्यांत भरून थप्पी लावली आणि आठ दिवसांनी पोती उघडली, तर आतून गरम वाफ आली. दाणे वरून बरे दिसत होते. फोडल्यावर दाण्याच्या दोन डाळींच्या मधल्या पोकळीत हिरवट-पिवळी बुरशी होती. ही अस्परजिलस फ्लेवस होय आणि तिचे विष म्हणजे अफ्लाटॉक्सिन. ते यकृताला घातक आहे आणि भाजल्याने पुरते नष्ट होत नाही. आपल्या देशात पुढील प्रक्रियेसाठी जाणाऱ्या शेंगदाण्यात किलोला 15 मायक्रोग्रॅम आणि थेट खाण्याच्या दाण्यात 10 अशी मर्यादा आहे. युरोपात थेट खाण्याच्या दाण्याला ती 4 आहे. तो माल मी कोणालाही विकला नाही, जनावरांनाही घातला नाही. दाणे कमी तुटावेत म्हणून फोडणीआधी शेंगांवर पाणी शिंपडण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे, तीही याच बुरशीला निमंत्रण देते. फोडणी यंत्राची चाळणी शेंगेच्या मापाची बसवली तर पाण्याची गरज पडत नाही.

साठवण शेंगेतच करावी, दाण्यात नव्हे. तागाची पोती, खाली लाकडी फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर असावे. आणि चिंच असलेल्या खोलीत शेंगा ठेवू नयेत. आपल्याकडे घरोघरी उन्हाळ्यात चिंच येते, आणि चिंचोक्यात वाढणारा भुंगा हाच शेंगेतलाही भुंगा आहे. तो कवचाला बारीक गोल भोक पाडतो.

विक्रीचे गणित मांडतो. 2025-26 साठी शेंगांचा हमीभाव क्विंटलला 7,263 रुपये जाहीर झाला होता. एका क्विंटल शेंगेतून 68 किलो दाणे निघाले तर त्या भावाने कच्चा दाणा किलोला सुमारे 107 रुपयांना पडतो, फोडणी, निवड आणि पिशवी वेगळी. आपल्या भागात दुकानात निवडलेला दाणा काय भावाने जातो, ते पाहून शेंग विकायची की दाणा, हे ठरवावे. गेल्या वर्षी आपला माल तेलाच्या भावाने गेला, कारण त्यात मोठा, बारीक, पोचट आणि तुटका सारे एकत्र होते. अशा ढिगाला खाण्याच्या मालाचा व्यापारी हात लावत नाही. दोन चाळण्या आणि चार दिवसांची निवड केली की तीन माल होतात : ठळक दाणा किराणा आणि पाकिटांसाठी, मध्यम दाणा चिक्की व चटणी करणाऱ्यांसाठी, तुकडा घाण्यासाठी. प्रत्येकाचा गिऱ्हाईक निराळा आहे आणि घाण्यावर फक्त तिसरा जावा. स्वतः पाकिटे भरून विकायची असतील तर एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी आधी करून घ्यावी.

वेळही आपल्या बाजूची आहे. गुजरातचा खरीप माल ऑक्टोबर-नोव्हेंबरात बाजारात उतरतो आणि भाव बसतात. आपला दाणा मे-जूनमध्ये तयार असतो, आणि पुढे आषाढी एकादशी, श्रावण, नवरात्र अशी उपवासांची रांग लागते; साबुदाण्याच्या खिचडीला दाण्याचा कूट घरोघरी लागतो. मी निम्मा माल आषाढीच्या आधी पंधरा दिवस काढतो, उरलेला श्रावणात, आणि दसऱ्यानंतर घरात बियाण्याखेरीज पोते ठेवत नाही.

पहिल्या वर्षी दोन्ही एकर लावू नयेत. एक एकर टीएलजी-45 घ्यावा आणि शेंगा वाळल्यावर प्रत्येक पोत्यातून मूठभर काढून शंभर दाणे काट्यावर मोजावेत. ते वजन किती भरले आणि त्यात पोचट किती होते, हे मे महिन्यात येथेच लिहावे, म्हणजे कोणत्या गिऱ्हाइकाकडे नमुना घेऊन जायचे ते सांगता येईल.