सही केलेला कागद: घोड्यावर बसायला निघालेल्या एका मुलीस पत्र

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. शहराबाहेरच्या तबेल्यात तू नाव नोंदवलेस, पहिल्याच दिवशी तुझ्यापुढे दोन पानी छापील कागद ठेवला गेला, 'मी स्वतःच्या जबाबदारीवर घोड्यावर बसत आहे' अशा अर्थाच्या मजकुराखाली तुझी सही घेतली गेली आणि तू ती न वाचता केलीस, हे सारे लिहून तू विचारतेस की हा कागद म्हणजे नुसता उपचार असतो का. सही झाली ती झाली. पण त्या कागदाची प्रत मागून घे आणि आता तरी सावकाश वाच. त्यात घोड्याच्या वागण्याचा भरवसा देता येत नाही, असे एक वाक्य बहुधा असेलच, आणि त्या वाक्याशी मी अर्धाच सहमत आहे. घोडा कोणत्या क्षणी बुजेल हे सांगता येत नाही, हे खरे. पण बुजल्यावर तो काय करील हे मात्र जवळजवळ नक्की सांगता येते, आणि आपली सगळी तयारी त्या ठाऊक असलेल्या भागासाठीच करायची असते.

घोडा हे पळून जीव वाचवणारे जनावर आहे. त्याला आधी पळायचे असते आणि मग विचार करायचा असतो. पळता आले नाही तरच तो लाथ झाडतो किंवा चावतो. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ 350 अंशांतले दिसते, पण कपाळाच्या अगदी समोरचे थोडे आणि शेपटीच्या थेट मागचे काहीच दिसत नाही. म्हणून त्याच्याकडे जाताना खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जावे. मागून जावेच लागले, तर एक हात पुट्ठ्यावर ठेवून अगदी अंगालगत जावे, नाहीतर तीन मीटरांहून अधिक अंतर राखून वळसा घालावा. मधले अंतर सर्वांत वाईट, कारण लाथेचा पुरा जोर तिथेच बसतो. लख्ख उन्हातून अंधाऱ्या तबेल्यात शिरताना तो दाराशी अडतो तेव्हा त्याला हट्टी म्हणू नकोस. उजेडातून अंधारात त्याची नजर स्थिरावायला आपल्यापेक्षा जास्त वेळ लागतो. वाऱ्यावर फडफडणारा कुणाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स तुला रोजचाच, घोड्याला मात्र तो दर वेळी नवा. कान टवकारले की त्याचे लक्ष तिकडे गेले आहे, कान मागे मानेला चिकटले की तो रागावला आहे. हे कान वाचायला पैसे पडत नाहीत, तरी नवशिके स्वार घोड्याच्या कानांपेक्षा हातातल्या मोबाइलकडेच अधिक पाहतात.

तू रिंगण पाहिले आहेस, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याच सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यात माउलींचा अश्व दौडतो, तेव्हा लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला धावतात आणि त्या गर्दीतही तो अश्व मार्ग सोडत नाही. ते पाहून घोडा म्हणजे गर्दीला सरावलेलाच, असा तुझा समज झाला असेल, तर तो तबेल्याच्या फाटकाबाहेर ठेवून ये.

आता माझ्याच चुकीची गोष्ट सांगतो. तेव्हा मी तुझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा असेन. जानेवारीत सिद्धेश्वर यात्रेतल्या शोभेच्या दारूकामाची ती संध्याकाळ होती आणि एका परिचिताची घोडी मी मोरखीला, म्हणजे तोंडावरच्या पट्ट्याला, दोर लावून रस्त्याच्या कडेने चालवत नेत होतो. हात मोकळा राहावा म्हणून दोराचे दोन वेढे तळहाताला घेतले होते. होम मैदानाकडे पहिला बार उडाला, घोडीने मान वर फेकली आणि ती फिरली. दोराचा फास आवळला, मी वीसेक पावले फरपटत गेलो आणि दोन बोटे मोडली. हे पत्र लिहितानाही ती नीट मिटत नाहीत. घोडीने काहीही चुकीचे केले नव्हते. दारूकाम आहे हे मला ठाऊक होते, तिला नव्हते. तेव्हा दोर असो वा लगाम, हाताला, मनगटाला किंवा कमरेला कधीही गुंडाळू नकोस. उरलेला दोर घड्या घालून मुठीत धर, म्हणजे मूठ उघडताच तो सुटतो. घोडा बांधतानाही एका हिसक्यात सुटणारी गाठ घाल आणि ती भिंतीतल्या कडीला थेट न बांधता कडीत ओवलेल्या सुतळीच्या फेऱ्याला बांध. घाबरलेल्या घोड्याने मागे ओढ घेतली तर सुतळी तुटावी, मान नव्हे.

सामानाबद्दल मी थोडा हट्टी आहे. हेल्मेट घोडेस्वारीचेच हवे. मोटारसायकलचे जड असते आणि त्यात कडेचे दिसत नाही, ऐकूही कमी येते. सायकलचे मानेच्या वरचा मागचा भाग झाकत नाही. हनुवटीचा पट्टा लावलेला नसेल, तर हेल्मेट नुसते डोक्यावर ठेवलेले असते, घातलेले नसते. एकदा जोराने आपटलेले हेल्मेट बाहेरून कितीही चांगले दिसले तरी बदलावे, आतला थर दबलेला असतो. आपण तर साधी चालच शिकतो, मग एवढे कशाला, असे तुझ्या वर्गातली मुले म्हणतील. 2008 च्या ऑलिंपिकमध्ये ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेत, अमेरिकेकडून उतरलेली कोर्टनी किंग-डाय 2010 च्या मार्चमध्ये रोजच्या सरावात घोडा ठेचकाळल्यामुळे पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हते, कवटीला तडा गेला आणि ती सुमारे चार आठवडे कोमात होती. त्या खेळात उंच टोपी हीच शान समजली जात असे; पुढे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 2021 पासून तिथेही हेल्मेट सक्तीचे केले. हेल्मेट नको म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी तिचे उदाहरण देतो, कारण ती नवशिकी नव्हती.

पायांत टाच असलेला, गुळगुळीत तळाचा बूट हवा. चप्पल, सँडल किंवा जाड खाचांचे स्पोर्ट्स शूज नकोत. नुसत्या पडण्याहून मोठा धोका म्हणजे पाय रिकिबीत, जिनाला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या कडीत, अडकून घोड्यामागे फरपटत जाणे. टाच असली की पाय रिकिबीतून आरपार जात नाही, आणि रिकीब बुटापेक्षा दोन-अडीच सेंटिमीटर रुंद असली की पडताना पाय सुटतो. ओढणी, लोंबणारी पिशवी, बांगड्या, कानातले डूल हे घरी ठेवून ये.

मग तंग, म्हणजे जीन पोटाखालून आवळून धरणारा पट्टा. जीन मोतद्दाराने, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्या माणसाने, चढवले असले तरी तंग तू स्वतः तपासायचा, आणि यात त्याचा अपमान नाही, हे त्यालाही ठाऊक असते. तंग आवळताना पुष्कळ घोडे पोट फुगवून उभे राहतात, आणि चार पावले चालल्यावर तोच तंग सैल पडतो. म्हणून बसण्यापूर्वी एकदा आणि पाच मिनिटे चालवून झाल्यावर पुन्हा एकदा, दोन वेळा पाहा. तंगाच्या आणि रिकिबीच्या पट्ट्यांची शिवण बोटाने चाचपून पाहा. सोलापूरच्या उन्हात तेल न लावलेले चामडे तडकते. काही उसवलेले दिसले, तर त्या दिवशी बसू नकोस. सही केलीस म्हणजे तबेल्याने तुला तुटके जीन, लंगडणारा घोडा किंवा रिकामटेकडा शिक्षक द्यावा, याला संमती दिलीस असे होत नाही. जोखीम तू पत्करली आहेस, त्यांची हयगय नव्हे.

त्या कागदावर अनुभवाचा रकाना असेल. तिथे तू काय भरलेस? महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी घोडेवाल्याने लगाम धरून मारलेल्या दोन फेऱ्यांना अनुभव म्हणत नाहीत. तिथे 'चांगला' असे लिहिले, तर तुला त्याप्रमाणे तेज घोडा मिळेल आणि ती चूक तबेल्याची नसेल. वजनही खरे सांग. स्वार आणि सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्याच्या आत असावे, असा एक साधा हिशेब जाणकार धरतात; साडेतीनशे किलोच्या घोड्यावर जिनासह 70 किलो झाले की मर्यादा संपली. फेफरे, चक्कर, पाठीचे दुखणे, चालू असलेली औषधे हेही लपवायचे नाही. धनुर्वाताच्या इंजेक्शनाला दहा वर्षे होऊन गेली असतील, तर या आठवड्यात घे, कारण घोड्याच्या लिदेत आणि तबेल्याच्या मातीत त्याचे जंतू नेहमीच असतात.

मैदानात पुढच्या घोड्यापासून निदान एका घोड्याची लांबी राखावी. शेपटीला लाल फीत बांधलेली दिसली, तर तो घोडा लाथ झाडणारा आहे असे समजून आणखी दूर राहावे. कुणी पडले, तर सर्वांनी जागीच थांबायचे. मदतीला घोडा दौडवत जायचे नाही. पावसाळ्यात आपली काळी माती निसरडी होते आणि उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, ज्यांत खूर अडकतो, म्हणून मोकळ्या रानात नेण्यापूर्वी ती वाट पायी चालून पाहावी. रस्त्यावर तर पहिले वर्षभर जाऊच नकोस. गाळपाच्या हंगामात मोठ्याने गाणी लावून जाणारी उसाची दुहेरी ट्रॉली वळणावर समोर आली की अनुभवी स्वाराचीही मांड हलते.

या सगळ्यात घोड्याने कुठेच सही केलेली नाही, म्हणून त्याच्या वाटची काळजीही तुझ्याचकडे येते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा उजाडताच बसावे आणि आठच्या आत जीन उतरावे. ओझी वाहणाऱ्या आणि गाडी ओढणाऱ्या जनावरांसाठी 1965 चे केंद्रीय नियम आहेत. पारा 37 अंशांच्या वर गेला असेल, तर दुपारी 12 ते 3 या वेळेत त्यांना कामाला लावू नये, असे ते सांगतात. त्याच नियमांत काटेरी लगामाला मनाई आहे, आणि ती स्वारीच्या जनावरालाही लागू होते. तुझ्या घोड्याच्या तोंडात तसला लगाम दिसला, तर तिथे शिकू नकोस, मग फी बुडाली तरी चालेल. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो. विश्रांतीत मिनिटाला 8 ते 16 श्वास असतात. दौडीनंतर बरगड्या भात्यासारख्या चालत असतील, तर त्याला सावलीत चालव, अंगावर भरपूर पाणी ओत आणि श्वास उतरेपर्यंत खाली उतरलेलीच राहा. लाडाने घरून काही खायला नेऊ नकोस. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले चुकीचे अन्न बाहेर पडत नाही आणि पोटशूळ जिवावर बेततो. बांधावरची कोवळी ज्वारी तर मुळीच नको, तिच्यात विष असते.

तू कधीतरी पडशील. 'पडलीस तर लगेच पुन्हा बस, नाहीतर भीती बसेल' असे माझे गुरू सांगत, आणि मीही अनेक वर्षे तेच सांगत आलो; आता सांगत नाही. डोके आपटले असेल, मळमळ, गोंधळल्यासारखे किंवा झोपाळल्यासारखे वाटत असेल, तर त्या दिवशी पुन्हा बसायचे नाही, थेट डॉक्टरांकडे जायचे. दुसरे कुणी पडले आणि मान किंवा पाठ दुखते म्हणाले, तर त्याला उठवून बसवू नका, हेल्मेट ओढून काढू नका, पाणी पाजू नका. 108 ला फोन करा आणि कुणीतरी फाटकाशी उभे राहा, कारण शहराबाहेरचा तबेला रुग्णवाहिकेला लवकर सापडत नाही.

तू पाठवलेल्या फोटोत कागदाचे दुसरे पान अर्धेच दिसते, पण 'तातडीच्या वेळी कोणास कळवावे' हा रकाना आणि त्याखालचा औषधांच्या ॲलर्जीचा रकाना तू कोरा सोडल्याचे मला दिसले. आईचा आणि शेजारच्या काकूंचा असे दोन नंबर तिथे लिही, लहानपणी तुला ज्या औषधाने अंगावर पुरळ उठले होते त्याचे नाव आईला विचारून भर, आणि रविवारी रपेटीला उभी राहण्यापूर्वी तो कागद शिक्षकांच्या हातात दे.

तुझा,
काका