'सिग्नल देऊन पुढं चालू करणे' यातलं 'देणे' कुठं अडतं?

ताई, तुम्ही ज्युनियर पोरांसाठी जीडीबीच्या (प्रोग्राम मधेच थांबवून आतली चूक शोधायचा डीबगर) मराठी नोट्स काढताय, त्यात 'थांबलेला प्रोग्राम सिग्नल देऊन पुन्हा चालू करणे' असं लिहिलं आणि पोरांनी ते 'पुढं जायची परवानगी देणे' असं वाचलं, मग बरोबर शब्द कुठला असं तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर पोरांनी मराठी बरोबरच वाचलं. आपल्याकडं सिग्नल हा शब्द रस्त्यावरनं आणि रेल्वेतनं आलाय, मिरज जंक्शनच्या अलीकडं गाडी उभी राहिली की डब्यात कोणीतरी म्हणतंच, 'सिग्नल मिळाला नाही अजून', म्हणजे सिग्नल मिळणं म्हणजे वाट मोकळी होणं. आणि इथं सिग्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमकडनं प्रोग्रामला येणारी सूचना, त्यातला ११ नंबरचा सिगसेगव्ही (नको त्या मेमरीला हात लावला की येतो तो) मिळाला की प्रोग्राम बहुतेक वेळा मरतो. अर्थ पार उलटा.

'इशारा' चालेल का? सांगलीत तरी नको. आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पाण्याची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, इशारा म्हणजे नुकसान व्हायच्या आधी सावध करणं, आणि सिगसेगव्ही येतो तेव्हा नको त्या मेमरीला हात लावून झालेला असतो. 'संकेत' म्हटलं की रूढी, पायंडा असलं काहीतरी डोक्यात येतं. म्हणून नाम सिग्नलच ठेवा, क्रियापद बदला.

आमच्या पलूसकडं अजून 'सांगावा' म्हणतात. सांगावा येतो, मिळतो, पोचतो, आणि ह्या तिन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. आजोबा आजारी असताना गावातनं आलेला प्रत्येक सांगावा आजी उंबऱ्यातच ऐकून घ्यायची, काही आत जाऊन सांगायची, काही तिथंच जिरवायची. सांगावा घरी आलेला असायचा पण आजोबांना मिळालेला नसायचा. डीबगर हेच करतो हो! तुम्ही प्रोग्राम थांबवायला कंट्रोल-सी दाबलं की सिगइंट नावाचा सिग्नल निघतो आणि जीडीबी छापतो 'प्रोग्राम रिसीव्ड सिग्नल सिगइंट', पण खरं म्हणजे प्रोग्रामला तो अजून मिळालेलाच नाही, उंबऱ्यात अडवून धरलाय. तिथं 'मिळाला' लिहू नका, 'आला' लिहा, निम्मा घोटाळा तिथंच मिटतो.

आता पुढं काय होणार ते जीडीबीच्या तक्त्यावर असतं, 'इन्फो सिग्नल्स' ही कमांड दिली की तो तक्ता दिसतो, त्यात प्रत्येक सिग्नलपुढं पास (प्रोग्रामला पोचवायचा) की नोपास (नाही पोचवायचा) ते असतं. सिगइंटला मुळातच नोपास आहे, त्यामुळं नुसती कंटिन्यू (पुढं चालू कर) ही कमांड दिली की तो जिरतो आणि प्रोग्राम काहीच झालं नाही असा पुढं पळतो. सिगसेगव्हीला पास आहे, तिथं तेच कंटिन्यू सिग्नल आत पोचवतं आणि प्रोग्राम संपतो. समजा तुम्ही थांबलेल्या ठिकाणी रजिस्टरमधला (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या जागेतला) चुकीचा मेमरीचा पत्ता दुरुस्त केला आणि पुढं काय होतंय ते बघायचंय, तर कंटिन्यू केलं की मेहनत पाण्यात, तिथं 'सिग्नल ०' ही कमांड टाकायची. इथं तर 'सिग्नल शून्य देणे' अजिबात लिहू नका, शून्य नावाचा सिग्नल नसतो, ते 'कुठलाही सिग्नल न पोचवता चालू करणे' आहे. उलट 'सिग्नल सिगइंट' म्हटलं की तक्त्यात नोपास असलं तरी तो थेट प्रोग्रामला पोचतो. दुसऱ्या टर्मिनलवरनं किल कमांडनं सिग्नल पाठवला तर मात्र तो आधी उंबऱ्यात येतो, मग परत तक्ता बघणं आलं.

जीडीबीच्या क्यू-सिग्नल ह्या कमांडला आपल्याकडं तयार शब्द आहे, 'ठेवणे'. शेजारी निरोप ठेवून जातो ना आपण, तसं, प्रोग्राम लगेच चालू होत नाही, जेव्हा चालू कराल तेव्हा सिग्नल पोचतो. मात्र त्या सिग्नलला तक्त्यात पास हवं, नाहीतर जीडीबी एरर देतो.

तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'अडवलेला सिग्नल पोचवून किंवा जिरवून प्रोग्राम पुढं चालू करणे'. 'जिरवून' नोट्समध्ये फारच घरगुती वाटलं तर 'न पोचवता' करा, पण 'देऊन' तेवढं काढाच.